लाल कंधारी, नमुना सात

मी गाठी कुटते. ताई, तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहते. त्या चेहऱ्यावर जे होतं त्याचा मला इतक्या वर्षांत कंटाळा आलेला नाही. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या वकीलसाहेबांचा जिलबीचा हात तोंडापाशी तसाच थांबला होता. मग मी सावकाश उलगडून सांगते. बाईच्या छातीतली कर्करोगाची गाठ ऑपरेशन करून काढली, की तिचा हरभऱ्याएवढा तुकडा मी घेते, गोठवते, खलबत्त्यात कुटते आणि त्याचा अर्क काढते. वकीलसाहेबांनी जिलबी ताटात परत ठेवली. मी ती उचलून खाल्ली.

संपादकांनी बजावलं आहे, ‘दिवाळीचा अंक आहे, जरा प्रसन्न लिहा.’ स्वभावाने मी प्रसन्नच आहे. शाळेपासून नाटकात कामं केली, आवाज खणखणीत आहे, समोर चार माणसं दिसली की मला पडदा उघडल्यासारखं वाटतं. पण आज जी हकिगत सांगणार आहे ती आठवली की माझं डोकं फिरतं. ही चीड मी शिळी होऊ दिलेली नाही.

आधी काम काय ते समजून घ्या. छातीतली गाठ छातीतच राहिली तर ती सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो गाठीतल्या पेशी तिथून उठून काखेत, हाडांत, फुप्फुसांत जाऊन बसल्या म्हणजे. त्यांना जायला कोण सांगतं? आमच्या संस्थेचा प्रश्न एवढाच होता. म्हणून एकाच बाईचे दोन तुकडे लागायचे, एक छातीतला आणि एक काखेतला. काढल्या काढल्या ते गोठवायचे, कारण उशीर झाला की आतली प्रथिनं सडतात. मग कडक गोठलेला तुकडा खलात ठेवून बत्त्याने फोडायचा, खडीसाखरेसारखा फुटतो. त्या पुडीत मिठाचं आणि साबणासारख्या द्रव्याचं पाणी घालायचं, यंत्रात गरगर फिरवायचं. चोथा तळाला बसतो, वर नितळ पाणी राहतं. तो अर्क. पेशींच्या पोटात जे जे होतं ते बहुतेक सगळं त्यात उतरतं.

पुढचा भाग मला फार आवडतो. काचेच्या बशीत शांत स्वभावाच्या पेशी सतरंजीसारख्या वाढवायच्या, त्यांच्यामधून एक रेघ ओरखडायची, मग तो अर्क घालायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत राहायचं. पेशी जागच्या हलल्या आणि रेघ भरू लागल्या, तर अर्कात चालायला सांगणारं काहीतरी आहे.

संस्था होती मोठ्या शहरात आणि मला नेमलं होतं बीडच्या सरकारी दवाखान्यात, माझ्याच जिल्ह्यात. कारण आमच्याकडच्या बाया डॉक्टरकडे उशिरा येतात, तोवर गाठ काखेत पोचलेली असते, म्हणजे जोडीने दोन तुकडे मिळतात. नेमणुकीच्या वेळी हे कारण मला चहा पिता पिता सांगितलं गेलं. ‘तुमच्याकडे मटेरियल चांगलं आहे,’ असे शब्द होते. मी तेव्हा मान डोलावली. नोकरी नवी होती.

पंचाईत झाली ती थंडीची. तुकडा गोठवायला द्रवरूप नत्रवायू लागतो. उणे एकशे शहाण्णव अंश. संस्थेने दिलेलं भांडं पिण्याच्या माठाएवढं होतं आणि आमच्या उन्हात आठवड्यात कोरडं पडायचं. सलग दुसरं दुष्काळाचं वर्ष होतं, गावात पाणी टँकरने येत होतं, तिथे नत्रवायू कोण आणून देणार? मी चार दिवस चौकशा करत हिंडले आणि मग लक्षात आलं की सबंध तालुक्यात ही वस्तू एकाच ठिकाणी नेमाने येते. दूध संघात.

वळूचं बीज साठवायला हाच वायू लागतो. संघाच्या आवारात मागच्या बाजूला कृत्रिम रेतन केंद्र होतं आणि त्याचे सर्वेसर्वा होते मन्मथअप्पा. पन्नाशी उलटलेले, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, खिशाला लाल-निळी पेनं. मोठाली अॅल्युमिनियमची नळकांडी त्यांनी ओळीने मांडलेली, प्रत्येकाला हार घातलेला. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. ते ऐकून घेत म्हणाले, “जागा लई हाय ताई. दुष्काळात गाईच माजावर येईनात, निम्मी नळकांडी रिकामी. पण हे सहकारी काम हाय. ठरावाबिगर हितं काडी हालत न्हाई.”

तर ठराव. संघाची वार्षिक सर्वसाधारण सभा मांडवात भरली होती. दुधाला भाव, पेंडीचा पुरवठा, चारा-छावण्यांतल्या दुधाचं संकलन, असं करत करत ‘आयत्या वेळचे विषय’ आले आणि मला बोलावलं. समोर तीनशे फेटे, टोप्या आणि टकलं. मी जे काही बोलले ते मला आता आठवत नाही, पण टाळ्या पडल्या हे नक्की. मग एक संचालक उठले.

“चेअरमनसाहेब, बाईच्या छातीची गाठ आन् वळूचं बीज एका डब्यात? इटाळ म्हणून काही हाय का न्हाई?”

माझ्या तोंडाला आलेलं बाहेर पडायच्या आत मागून अप्पांचा आवाज आला. “साहेब, आत उणे एकशे शहाण्णव हाय. इटाळ जरी शिरला, तरी गोठून मरतोय.”

मांडव हसला. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव मंजूर.

खरी गंमत पुढे झाली. संघाच्या साठा-नोंदवहीत रकाने छापलेले होते. होल्स्टीन, जर्सी, गीर, मुऱ्हा, देवणी, लाल कंधारी. माणूस असा रकाना नव्हता. आणि तपासणीला येणारे साहेब एवढे कडक, की वहीत नाही ती वस्तू नळकांड्यात सापडली तर अप्पांच्या नोकरीवर यायचं. माझ्या बाजूने अडचण अशी, की रुग्णाचं नाव नळीवर लिहायचं नाही हा आमचा नियम. अप्पांनी पेन काढलं, विचार केला आणि पहिल्या बाईच्या दोन नळ्यांवर लिहिलं, ‘लाल कंधारी १ छाती’, ‘लाल कंधारी १ काख’.

“अप्पा, अहो बायांना गुरांची जात?”

“ताई, राग मानू नका. कंधारी म्हंजी आपल्याकडची. चाऱ्याबिगर टिकती, ऊन झेलती, वरून काम करती. दुसरी कोन्चीबी जात लिवली तर त्या बायांचा अपमान व्हईल.”

ठरलं असं, की संघात अप्पांचं लेबल चालेल आणि कोणती लाल कंधारी म्हणजे संस्थेचा कोणता क्रमांक, हे जुळवणाऱ्या कागदाची माझ्याकडे एक प्रत राहील. माल शहरात जाईल तेव्हा तो कागद झाकणाला चिकटवायचा. साधं काम.

सात नंबरची बाई म्हणजे शेवंताबाई. खरं नाव मला लिहिता येत नाही. कोणतं घालू, असं विचारलं तर म्हणाली, “शेवंता लिवा. आमच्या जावेचं नाव हाय. जरा खटकू द्या तिला.” राहणारी नेकनूरची, वय चाळीसच्या आतबाहेर, सातवी शिकलेली. मी संमतीचा कागद वाचून दाखवायला लागले तर तिने तो माझ्या हातातून घेतला आणि ओठ हलवत शेवटपर्यंत स्वतः वाचला. इतर बाया सही कुठे करू एवढंच विचारायच्या. हिने विचारलं, “छातीतून काखंत गेलं कसं? वाट कोन्ची? आन् त्याला कुणी सांगितलं, जा म्हणून?”

मी खुर्चीतून उडालेच. संस्थेतल्या मोठ्या लोकांनी चाळीस पानं लिहून जो प्रश्न मांडला होता, तो हिने पदर सावरता सावरता मांडला.

“तेच शोधायचंय बाई. त्यासाठीच तुझा तुकडा पाहिजे.”

“घ्या मंग. पर उत्तर सापडलं की आदी मला सांगायचं. घरच्यांना न्हाई, मला.”

तिने सही केली. मी शब्द दिला.

ऑपरेशन झालं, दोन्ही तुकडे नळकांड्यात गेले. नऊ बायांच्या अठरा नळ्या जमल्या आणि एके दिवशी सकाळी अप्पांचा निरोप आला. वायूची गाडी ह्या आठवड्यात येणार नव्हती. अप्पांनी नळकांड्यात काठी बुडवली, वर काढून हवेत हलवली. काठीवर जिथवर पांढरं दहिवर धरतं तिथवर वायू असतो. तीन बोटं धरलं.

“आज गेलं तर पोचतंय ताई. उद्या न्हाई.”

संघाचा दुधाचा टँकर तासाभरात शहराकडे निघणार होता. नळकांडं ड्रायव्हरच्या शेजारी बांधलं. ते आडवं होऊ द्यायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, झाकण उघडून बघायचं नाही, आत नऊ बायांचा जीव आहे, असं मी फूटबोर्डवर उभी राहून ड्रायव्हरला सांगितलं. भाषण झकास झालं. आवारातले हमाल ऐकायला थांबले, ड्रायव्हरने कानाला हात लावला, टँकर धूळ उडवत गेला.

कागद माझ्या पर्समध्ये राहिला.

हे मला कळलं पाचव्या दिवशी. शेवंताबाई टाके दाखवायला आली होती आणि माझ्या टेबलापाशी बसली होती. फोन वाजला. माझ्या हातात मोजे होते म्हणून मी कोपराने स्पीकर लावला. संस्थेचे प्रमुख बोलत होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो.

“तुम्ही संस्थेची थट्टा चालवली आहे का? अठरा नळ्या, प्रत्येकीवर गुरांची जात! दूध संघाचं नळकांडं, दूध संघाचा टँकर. जनावरांचं मांस पाठवलंत आम्हाला? मी सगळं टाकून द्यायला सांगितलं आहे.”

“साहेब, थांबा, ते बायांचेच आहेत. माझा कागद राहिला. माझी चूक आहे.”

“आता लेखी कळवा,” म्हणाले, आणि फोन बंद.

शेवंताबाई शांतपणे म्हणाली, “माझं टाकलं?”

“अजून कळायचंय.”

“मला काय लिवलं व्हतं?”

मी सांगितलं. खोटं सांगायची सोय नव्हती, तिने सगळं ऐकलं होतं. ती उठली. “चला.”

“कुठे?”

“त्या साहेबाकडं. दुपारची यष्टी हाय.”

टाके ओले असलेल्या बाईला एसटीतून नेणं हा मूर्खपणा होता. मी सांगून बघितलं. ती आधीच दाराबाहेर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साहेबांच्या खोलीत उभ्या होतो. मी रस्ताभर संवाद जुळवले होते, आवेशाची तीन वाक्यं तर पाठ केली होती. त्यातलं पहिलं मी उच्चारणार तोच शेवंताबाई पुढे झाली.

“म्या सात नंबरची लाल कंधारी. माझ्या दोन नळ्या कुठं हायती?”

साहेब उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. गडबडलेला होता. मी जुळवणीचा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, परत वाचला.

“बाई, नियम असतो. संशय आलेला नमुना ठेवता येत नाही.”

“इचारता येतंय ना? फोन व्हता ना तुमच्याकडं? टाकून झाल्यावर केला, त्यो आदी कावून न्हाई केला?”

आता माझा बांध फुटला. तुकडा माणसाचा की जनावराचा, हे ओळखायची चाचणी त्याच इमारतीत, त्यांच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर होत होती. दिवसभराचंसुद्धा काम नाही. ती कुणी केली नाही. का केली नाही? परदेशातून खोका आला असता आणि वरच्या चिठ्ठीवर भलतंच काही लिहिलेलं असतं, तर ह्याच लोकांनी दहा पत्रं लिहून खुलासा मागवला असता, तोवर खोका देवासारखा जपला असता. बीडहून आलं, दुधाच्या टँकरमधून आलं, म्हणजे गुराचंच असणार, हे पटायला त्यांना वेळ लागला नाही. मी हे सगळं त्यांना बोलले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात बोलले. बाहेरच्या दालनातली टाइप करण्याची खडखड थांबली. ‘तुमच्याकडे मटेरियल चांगलं आहे’ हे वाक्यही मी त्यांना परत केलं, इतक्या महिन्यांनी. चूक माझी होती, कागद माझ्या पर्समध्ये होता, हेही बोलले. पण माझी चूक विसरण्याची होती. त्यांची न विचारण्याची.

साहेब खाली बघत म्हणाले, “निदान बाईंना तसं लिहायला नको होतं. ते अपमानास्पद आहे.”

“लिवलं त्याचं मला काय न्हाई,” शेवंताबाई म्हणाली. “उशिरा लिवलं, त्याचा राग हाय.”

आम्हाला कुणालाच कळलं नाही.

“दोन सालं झाली, आमची गुरं पालीच्या छावणीत. बिंदुसरेचं धरण कोरडं, गावात चारा न्हाई. घरची मानसं नेकनूरात आन् गुरांपाशी म्या. दीड वरीस तितंच खाल्लं, तितंच निजले. तितं गुरांचा डाक्टर रोज यायचा. हरेक गुराच्या कानात बिल्ला. बिल्ला बघायचा, अंगावरून हात फिरवायचा, कास दाबून बघायचा, वहीत लिवायचा. माझ्या छातीत गाठ लागली तवा म्या त्यालाच इचारलं. म्हणलं, डाक्टर, आमच्या गाईला अशी गाठ झाली तर काय करता? त्यो म्हणला, लगीच कापून काढतो. म्हणलं, मंग माझी बघा. तर बिचारा लाजला. म्हणला, बाई, मला बायांचं बघायची परवानगी न्हाई, तू बीडला जा. बीडला गेले तर गुरांना पानी कोन पाजनार?” ती थांबली. “तवाच कानात बिल्ला मारून मला कंधारीत लिवलं असतं, तर म्या आज हितं न्हाई आले असते.”

माझ्याकडे पाठ केलेली वाक्यं अजून शिल्लक होती. ती मी गिळली.

साहेब स्वतः खाली गेले. अर्ध्या तासाने परत आले. अठरांपैकी चौदा नळ्या जाळायच्या पिशवीतून निघून गेल्या होत्या. चार एका ट्रेमध्ये राहून गेल्या होत्या, एक आणि तीन नंबरच्या. सातच्या नव्हत्या.

मग शेवंताबाईने पदर जरा बाजूला केला आणि गळ्याखालच्या हाडाच्या वर, डाव्या अंगाला बोट ठेवलं.

“ही घ्या मंग.”

मी हात लावला. सुपारीएवढी, टणक.

“कधीपासून आहे ही?” मी ओरडलेच.

“पंदरा दिस झाले.”

“आणि मला सांगितलं नाहीस? काल टेबलापाशी बसली होतीस की!”

“सांगनार व्हते ताई. म्हणलं, आदी त्या दोघींचं, छातीतलीचं आन् काखंतलीचं, उत्तर येऊ द्या. त्यांना कुणी धाडलं ते कळलं म्हंजी हिचंबी कळंल.”

ती आमच्या निकालाची वाट बघत होती. मी तिला शब्द दिला होता ना, म्हणून. मला आजही ह्या एका गोष्टीसाठी स्वतःचा जितका राग येतो तितका साहेबांचा येत नाही.

त्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी तिथेच काढला. आमच्या वाट्याला आलेला भाग मी कुणाच्या हातात दिला नाही. मीच गोठवला, मीच कुटला, मीच फिरवला. नळीवर तिचा नियमाप्रमाणे क्रमांक घातला आणि जुळवणीचा कागद साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिला. बशीत शांत पेशी पसरल्या, मधोमध रेघ ओढली, अर्क घातला.

रुग्णाला प्रयोगशाळेत आणायचं नाही असा तिथला नियम आहे. दुसऱ्या दिवशी दार साहेबांनीच उघडून धरलं.

शेवंताबाई स्टुलावर बसली. एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात बघायला तिला जरा वेळ लागला. मग ती एकदम स्थिर झाली. रेघ जवळजवळ बुजली होती. दोन्ही काठांवरून पेशी पाय फाकवल्यासारख्या लांब होऊन मधे आल्या होत्या. शेजारच्या बशीत, जिथे अर्क घातला नव्हता, तिथे रेघ अजून मोकळी होती.

“हे माझ्या गाठीच्या पान्यानं?”

“हो,” साहेब म्हणाले.

“किती टायमात?”

“काल दुपारपासून.”

ती डोळा न काढता म्हणाली, “म्या दीड वरीस गुरं राखली.”

तिने पुन्हा दुसऱ्या बशीत बघितलं, पुन्हा पहिल्या.

“आता हे बघून तुमी काय करनार?”

साहेबांनी तिला सरळ सांगितलं. ह्या पाण्यात पुष्कळ प्रथिनं आहेत. त्यातलं चालायला सांगणारं कोणतं ते एकेक करून शोधायचं. सापडलं तर त्याचं तोंड बंद करणारं औषध शोधायचं.

“माझ्यापत्तुर यील?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. कोणत्याही प्रसंगाला माझ्यापाशी वाक्य तयार असतं, हे त्या इमारतीत एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. मी बशांकडे बघत राहिले.

“नाही,” साहेब म्हणाले. “तुमच्यापर्यंत नाही येणार.”

तिने मान हलवली. स्टुलावरून उतरली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि आम्हा दोघांकडे, दाराशी जमलेल्या पांढऱ्या कोटवाल्यांकडे एकदा बघितलं.

“मंग उभा ऱ्हायलाव कावून?” ती म्हणाली. “लागा की कामाला.”